शिशाचा शिपाई आणि मातीचा मावळा : जुन्या खेळण्यांच्या लिलावी मूल्यनिर्णयाची चिकित्सा

प्रस्तावना

खेळण्यातील सैनिकांचे जुने संच लिलावात विकत घेणे हा युरोप-अमेरिकेत गेल्या अर्धशतकात स्थिरावलेला व्यवहार आहे. त्याच्या स्वतंत्र सूची निघतात, संदर्भग्रंथ लिहिले जातात, जाणकारांचे अभिप्राय मागविले जातात. आपल्याकडे या व्यवहाराकडे श्रीमंतांचा छंद म्हणून पाहण्याची रीत आहे आणि त्यामुळे त्याची समीक्षा करण्याचे कारण आपल्या अभ्यासकांना सहसा जाणवलेले नाही. तथापि कोणत्या वस्तूला मोल आहे, ते कशामुळे आहे आणि कोणती वस्तू जपावी, याविषयीचा एक सिद्धान्तच या लिलावांतून कार्यरत झालेला दिसतो. आपली वस्तुसंग्रहालये, आपला पुरावस्तूविषयक कायदा आणि काही प्रमाणात आपले इतिहासविभागही नकळत तोच सिद्धान्त प्रमाण मानीत आले आहेत. सातारा आणि सांगली या एकेकाळी एकाच असलेल्या जिल्ह्यांत (१९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला व १९६० साली त्याचे नाव सांगली झाले) खेळण्यातल्या सैनिकाची स्वतःची परंपरा आहे. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा हा तो सैनिक. लिलावाच्या कसोट्या या मावळ्याला लावून पाहिल्या तर त्या कसोट्यांविषयी काय कळते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लिलावाची भाषा

लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यात १८९३ साली शिशाचे पोकळ सैनिक ओतण्याची युक्ती सिद्ध झाली. वितळलेले शिसे साच्यात ओतावयाचे, बाहेरचा थर गोठताच आतला रस परत बाहेर काढावयाचा. यात शिसे कमी लागते, वजन घटते आणि किंमतही उतरते. भरीव जर्मन सैनिकांनी व्यापलेली इंग्लंडची बाजारपेठ या एका युक्तीने पालटली. आठ शिपायांचे किंवा पाच घोडेस्वारांचे लाल खोके एका शिलिंगला मिळू लागले आणि मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला पलटण परवडू लागली. उभ्या सैनिकाची ५४ मिलिमीटर ही उंची पुढे या खेळण्यांचे प्रमाणमापच ठरली. १९६६ च्या सुमारास खेळण्यांतील शिशाविषयीच्या नियमांमुळे हे उत्पादन थांबले. जे मुलांच्या हातून गेले ते मग प्रौढांच्या कपाटात आले.

लिलावाच्या सूचीत अशा संचाचे वर्णन कसे केले जाते, हे पाहण्यासारखे असते. मूळ खोके आहे काय, खोक्याच्या झाकणावरची चिठ्ठी शाबूत आहे काय, सैनिक आत ज्या दोऱ्याने बांधलेले असत तो दोरा तसाच आहे काय, रंग कारखान्यातलाच आहे की नंतर कोणी पुन्हा दिला आहे, हलणारा हात तुटून बदललेला तर नाही ना, शिशाला पांढरी भुकटी धरली आहे काय, असे प्रश्न त्यात क्रमाने येतात. खोके नसेल तर किंमत उतरते. पुन्हा रंगविलेला सैनिक तर जवळजवळ बाद समजला जातो. याउलट न उघडलेला, न हाताळलेला संच सर्वांत वरच्या बोलीला जातो. मुलाने ज्याच्याशी कधी खेळ केला नाही, ते खेळणे सर्वांत मौल्यवान, असा याचा सरळ अर्थ होतो. वापरलेल्या वस्तूंच्या या बाजारात वापर हाच दोष ठरतो.

सांगलीच्या वाचकाला यातला विरोध चटकन उमगेल, कारण त्याच्या ओळखीचा लिलाव हळदीचा आहे. बाजार समितीतल्या सौद्यात खरेदीदार हळकुंड हातात घेतो, मोडून पाहतो, आतला रंग पाहतो, मग बोली करतो. तेथे परीक्षा वस्तूच्या पोटात शिरून केली जाते, कारण वस्तू उद्या कोणाच्या तरी स्वयंपाकघरात खर्ची पडणार असते. शिशाच्या शिपायाची परीक्षा त्याला स्पर्शही न करता व्हावी अशी अपेक्षा असते. वाल्टर बेंजामिन यांनी संग्राहकाविषयी लिहिताना, तो वस्तूंना उपयुक्ततेच्या वेठीतून सोडवितो असा विचार मांडला आहे. पुस्तके, चित्रे, भांडी यांच्याबाबतीत हा विचार पटण्यासारखा आहे. परंतु खेळणे ही वस्तू मुळातच उपयुक्ततेच्या वेठीत नसते. त्याला ‘सोडविणे’ म्हणजे खेळापासून सोडविणे, आणि खेळ वजा केल्यावर खेळण्यात शिसे, रंग आणि पुठ्ठा एवढेच उरते.

या आक्षेपाला मर्यादा आहे, हेही नोंदविले पाहिजे. शिशाच्या सैनिकांचा इतिहास आज जो काही उपलब्ध आहे तो मुख्यतः विद्यापीठांनी लिहिलेला नाही. तो संग्राहकांनी आणि लिलावगृहांच्या जाणकारांनी लिहिला आहे. फिलिप्स या लंडनच्या लिलावगृहासाठी सूची करणाऱ्या जेम्स ओपी यांचा ब्रिटनच्या सैनिकांवरील १९८५ चा ग्रंथ हे त्याचे ठळक उदाहरण होय. कोणता साचा कोणत्या वर्षी बदलला, टोपीचा आकार केव्हा सुधारला, खोक्यावरची चिठ्ठी कोणत्या छापखान्याच्या धाटणीची, अशी माहिती बोलीच्या गरजेपोटी का होईना, नोंदली गेली. अमेरिकन प्रकाशक माल्कम फोर्ब्ज यांनी टँजिअर येथे १९७८ साली खेळण्यातल्या सैनिकांचे संग्रहालय उघडले. त्यात लाखावर सैनिक होते. १९९० साली त्यांचे निधन झाल्यानंतर हा संग्रह लिलावाच्या वाटेने विखुरला. संग्रह मोडला, पण त्याची सूची राहिली. आपल्याकडे मोडण्याजोगा संग्रहही नाही आणि सूचीही नाही. त्यामुळे पाश्चात्त्य लिलावाला नावे ठेवताना आपला स्वर थोडा बेताचाच असावा हे बरे.

खोक्यातली मुंबई पलटण

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ब्रिटन यांच्या यादीत हिंदी सैन्याचे संच दाखल झाले. त्यांत बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री आणि बॉम्बे लान्सर्स यांचीही खोकी होती. एकच साचा घेऊन डगल्याचा, पट्ट्यांचा किंवा पागोट्याचा रंग बदलावयाचा व निराळ्या पलटणीचे नाव द्यावयाचे, ही या उद्योगाची सर्वसाधारण रीत होती. परिणामी खोक्यातल्या सर्व शिपायांना चेहरा एकच. आज हे संच लिलावात आले की दुर्मिळतेमुळे त्यांच्याकडे संग्राहकांचे विशेष लक्ष जाते.

मुंबई इलाख्याच्या सैन्यात कोकणातून आणि देशावरून शिपाई जात. सातारा जिल्ह्याचा यातील वाटा सर्वश्रुत आहे. सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाचे नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ असे रूढ झाले आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. स्वातंत्र्यानंतर देशातील पहिली सैनिकी शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. अशा प्रदेशातून गेलेला शिपाई लंडनमध्ये शिशाचा होऊन एका शिलिंगच्या आठव्या हिश्शाला विकला गेला, ही घटना वसाहतीच्या सांस्कृतिक इतिहासात अधिक गांभीर्याने पाहण्याजोगी आहे. रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मधील खेळण्यांवरच्या टिपणात, खेळणी मुलाला प्रौढांचे जग आधीच मान्य करावयास लावतात असे प्रतिपादन केले. त्या दृष्टीने पाहता, हिंदी पलटण खोक्यातून काढून गालिच्यावर मांडणारा इंग्लिश मुलगा साम्राज्याची व्यवस्था हाताने शिकत होता. लिलावाच्या सूचीत यातले काहीच येत नाही. तेथे पलटणीचे नाव हे संचाच्या ओळखीचे साधन असते. ज्या गावच्या माणसाचे ते रूप आहे, त्या गावाशी त्याचा संबंध जोडणारी ओळ त्या सूचीत शोधून सापडणार नाही.

मातीचा मावळा

शिशाचा हा शिपाई अपशिंग्यातल्या मुलाचे खेळणे नव्हता. या पट्ट्यातील मुलांचा शिपाई कुंभाराच्या आव्याजवळून येतो. दक्षिण महाराष्ट्रातील कुंभाराचे वर्ष पाहिले तर मावळ्याचे स्थान स्पष्ट होते. बेंदराला पूजेचे मातीचे बैल, नागपंचमीला नाग, भाद्रपदात गणपती आणि गौरीचे मुखवटे. आणि हे सर्व उरकल्यावर, हात व रंग अजून हाताशी आहेत तोवर, दिवाळीसाठी मावळे. देवांच्या मागून येणारे हे शेवटचे व स्वस्तातले काम होय. बैल, नाग आणि गणपती यांची पूजा होते व त्यांचे विसर्जन होते. मावळ्याची पूजा नाही आणि विसर्जनही नाही. दिवाळी संपली की तो अडगळीच्या डब्यात जातो. मातीची जागा अनेक ठिकाणी प्लास्टर ऑफ पॅरिसने आणि अलीकडे प्लास्टिकने घेतली असली तरी त्याचे हे स्थान बदललेले नाही.

दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून, दोन्ही भाग जोडून केलेल्या या बाहुलीची पुढची बाजू घडीव व पाठ बहुधा सपाट असते, कारण किल्ल्यावर तिला पाठीमागून कोणी पाहावयाचे नसते. चेहऱ्यावर मिशीचा एक फटकारा, डोळ्यांचे दोन ठिपके, कमरेला शेल्याची रेघ. कारागिराची घाई त्या रेघेत दिसते. पण त्यामुळेच एका साच्यातून निघालेले दोन मावळे एकमेकांसारखे नसतात. एकाची मिशी वर जाते, दुसऱ्याची नजर तिरपी होते. ब्रिटनच्या कारखान्यात जे शक्य तितके टाळले जाई, ते येथे सहज घडते.

प्रमाणमापाचा विचार तर विशेष उद्बोधक आहे. ५४ मिलिमीटरच्या शिस्तीत राजा आणि शिपाई एकाच मापाचे असतात. दिवाळीच्या किल्ल्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज सर्वांत मोठे, मावळे त्यांच्या गुडघ्याएवढे, गुहेतला वाघ दरवाज्याहून मोठा आणि पायथ्याची गवळण तोफेपेक्षा उंच. यास अडाणीपणा म्हणणे ही घाईची समीक्षा होईल. आकार महत्त्वावरून ठरविण्याची ही रीत आपल्या चित्रपरंपरेत जुनी आहे. भित्तिचित्रांत आणि पोथ्यांच्या सजावटीत ती जागोजाग आढळते. बाजारातून दरवर्षी थोडी थोडी आणलेली, निरनिराळ्या साच्यांतली चित्रे एकत्र मांडताना मूल नेमकी हीच रीत वापरते. सातारच्या मुलाला समोर खरा अजिंक्यतारा दिसत असतो, तरी तो त्याची प्रतिकृती करीत नाही. तो दगड, माती, गोणपाट आणि अळीव-मोहरीचे हिरवे कोंब यांतून आपल्या मनातला किल्ला उभारतो.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांच्या नजरेतून निसटली आहे असे वाटते. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून शिशाच्या सैनिकांच्या लढाईचे नियम घालून दिले. त्या खेळात दोन सैन्ये लागतात, स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी सुटते, सैनिक आडवे होतात आणि मेलेले मोजले जातात. पुस्तकाच्या शेवटी वेल्स खऱ्या युद्धाच्या मूर्खपणावर येतात; पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. दिवाळीच्या किल्ल्यावर मात्र शत्रू बहुधा नसतोच. अफजलखानवधाची जोडी बाजारात मिळते, परंतु ती प्रसंग म्हणून एका कोपऱ्यात बसते. बाकीचे मावळे पहाऱ्यावर असतात. तटावर, बुरुजावर, पायऱ्यांवर ते उभे असतात आणि खाली शेतकरी, भाजीवाली, पाणवठा, देऊळ असे गाव वसलेले असते. एकदा मांडले की हे सैनिक चार-पाच दिवस हलत नाहीत. पाश्चात्त्य अर्थाने हा युद्धखेळ नाही. मुले राज्य मांडतात आणि त्याची राखण करतात. ‘लष्करी खेळणे’ या शीर्षकाखाली दोन्हींना एकत्र घालणारी वर्गवारी म्हणूनच अपुरी ठरते. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याशी संबंधित १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यात सातारा जिल्ह्यातील प्रतापगड आहे. त्या निमित्ताने लेख पुष्कळ आले. किल्ला दरवर्षी अंगणात पुन्हा बांधणाऱ्या मुलांच्या या कृतीकडे मात्र स्पर्धेतले बक्षीस यापलीकडे फारसे कोणी वळले नाही.

मावळाही वापरलेल्या अवस्थेत हस्तांतरित होतो. थोरला मुलगा मोठा झाला की डबा धाकट्याकडे जातो, मग मामेभावाकडे, मग शेजारी. मोडलेला भाला काडी खोचून पूर्ववत होतो. उडालेला रंग घरातल्याच कुंचल्याने पुन्हा दिला जातो. लिलावाच्या लेखी या दोन्ही कृती म्हणजे मूल्यनाश. घरातल्या हस्तांतरात मात्र त्यांनीच तो मावळा पुढच्या मुलाच्या हाती देण्याजोगा होतो. या व्यवहारात बोली नाही, पावती नाही, म्हणून त्याचा पुरावाही नाही.

संग्रहालयाची कसोटी

येथे प्रश्न आपल्या संस्थांकडे येतो. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून ती त्या संग्रहालयाकडे गेली. ती महाराजांचीच होत असे सांगणारा मजकूर ज्या पेटीत ती ठेवली आहे त्या पेटीवर आहे. स्वतः संग्रहालयाने मात्र याची खातरजमा करता येत नाही अशी भूमिका घेतलेली आहे. म्हणजे वस्तूची थोरवी येथेही खोकेच सांगते! एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने सदबीजच्या लंडनमधील लिलावातून नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना मिळविली. अशी खरेदी व्हावयास नको होती असे कोणी म्हणणार नाही. मात्र लिलावात जे येते तेच जतन करण्याजोगे, अशी समजूत त्यातून दृढ होत जाते, ही चिंतेची बाब आहे. जे लिलावात कधी येणारच नाही त्याच्या खरेदीची तरतूद कोण करणार?

कायद्याची कसोटीही वयाची आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलाठेवा अधिनियमाप्रमाणे वस्तूला किमान १०० वर्षे आणि हस्तलिखिताला ७५ वर्षे पूर्ण असावी लागतात. कच्च्या मातीचा मावळा दहा पावसाळे काढील तर नशीब. तो पुरावस्तू होण्याइतका जगतच नाही. नष्ट होणे हा ज्याचा स्वभाव, त्याला वयाची अट घालणे म्हणजे त्याला इतिहासाबाहेर ठेवणे होय.

याला आपल्याच प्रदेशात दोन निराळी उदाहरणे आहेत. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात त्यांची निवड बाजारभावापेक्षा डोळ्यावर विसंबलेली जाणवते. तरीही ती कलावंताची निवड आहे आणि तीत रोजच्या वापरातले स्वस्त जिन्नस दुय्यमच राहतात. आपल्या विषयाला अधिक जवळचे आहेत ते पुण्याचे दिनकर केळकर. दिवे, अडकित्ते, दौती, वज्री अशा घरगुती वस्तू त्यांनी घरोघर व जुन्या बाजारांत हिंडून विकत घेतल्या. त्या वेळी त्यांना भंगाराचा भाव होता. १९६२ साली हा संग्रह त्यांनी शासनास दिला. आज त्या अडकित्त्यांकडे कोणी भंगार म्हणून पाहत नाही, आणि हा बदल कोणत्याही लिलावाने घडविलेला नाही. केळकरांच्या रीतीत मात्र एक उणीव राहते. धातूची वस्तू थांबते, तिच्यासाठी उशिरा गेले तरी चालते. मातीच्या वस्तूकडे त्याच वर्षी जावे लागते.

सातारा, कराड, सांगली, मिरज, इस्लामपूर, विटा येथील महाविद्यालयांना हे करणे अवघड नाही. दिवाळीच्या आठवड्यात गावच्या बाजारातून प्रत्येक साच्याचा एक याप्रमाणे मावळ्यांचा एक संच इतिहास किंवा मराठी विभागाने खरेदी करावा, आणि दुसरा संच एखाद्या घरातून, खेळून झालेला, मागून घ्यावा. पहिल्याची नोंद करताना विक्रीचे ठिकाण, तारीख, किंमत, माती की प्लास्टर, करणाऱ्याचे गाव, साचा घरचा की विकत आणलेला, एवढे लिहावे. दुसऱ्याच्या नोंदीत तो कोणाकडून कोणाकडे आला, काय मोडले, कोणी जोडले आणि कोणता रंग नंतरचा, हे लिहावे. लिलावाच्या सूचीत जे दोष म्हणून येते तेच येथे मुख्य माहिती होईल. साच्यांची निकड तर याहून अधिक आहे. रबरी साचे आल्यावर जुने साचे निकामी ठरले आणि ते जपून ठेवण्याचे कुंभाराला काही कारण नाही. जेथे ते अजून असतील तेथे त्यांची किमान छायाचित्रे व मापे या एक-दोन वर्षांतच घेतली पाहिजेत.

खर्चाचा मुद्दा येथे येत नाही. एका चर्चासत्राच्या चहापानात असे संच काही वर्षे घेता येतील. अडचण साठवणुकीची आहे. कच्ची माती दमट हवेत उकलते आणि प्लास्टरला बुरशी धरते, तेव्हा कोरडी, बंद काचकपाटे लागतील. कृष्णाकाठच्या महाविद्यालयांनी ती तळमजल्यावर ठेवू नयेत. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी सांगलीत पाणी कोठवर आले होते, त्याच्या खुणा अनेक भिंतींवर अजून आहेत.